पेंटरची सहाशे चाळीस पत्रं

पेंटरना नावाने कुणी हाक मारत नसे. बायको "अहो" म्हणायची, लेक "बाबा" म्हणायची आणि उरलेलं सगळं गाव "पेंटर". त्यांचं खरं नाव एकाच ठिकाणी दिसायचं: त्यांनी रंगवलेल्या प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्या मुंगीचा माग काढत लोक त्यांच्याकडे यायचे. अडतीस वर्षं हाच त्यांचा धंदा होता आणि हीच त्यांची जाहिरात. "माझ्याकडून पाटी करून घ्या" असं त्यांनी तोंडाने कधी कुणाला म्हटलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती, त्यामुळे सवयही लागली नव्हती.

पाटी रंगवताना ते अक्षरं मोजत नसत. खडूने वरची रेघ मारायची, खालची रेघ मारायची, मग चार पावलं मागे जाऊन कोऱ्या पाटीकडे बघत उभं राहायचं. गिऱ्हाईक घायकुतीला येई. "अहो, सुरू करा की!" पेंटर म्हणत, "केलंय. जागा बघतोय." त्यांच्या मते अक्षर कुणालाही काढता येतं, दोन अक्षरांमधलं मोकळं सोडणं येत नाही. आणि ते मोकळं चुकलं की कितीही महागडा रंग लावा, वाचणाऱ्याचा डोळा अडखळतोच.

मग मशीनवर छापलेल्या पाट्या आल्या. दुपारी सांगा, संध्याकाळी न्या. आधी बेकरी गेली, मग चपलांचं दुकान, मग शाळा. पेंटरनी कुणाला दोष दिला नाही. त्यांच्याकडे राहिलं ते किरकोळ काम: फाटकांवर 'इथे गाडी लावू नये', पाण्याच्या टाक्यांवर आकडे, आणि वर्षातून एकदा तंत्रशाळेची प्रमाणपत्रं. त्या प्रमाणपत्रांवर दोनशे मुलांची नावं हाताने लिहायची असत.

यंदा ती नावं लिहीत असताना तंत्रशाळेच्या मुख्य मॅडम त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"पेंटरकाका, हे तुम्ही शिकवत का नाही?"

"कुणी विचारलं नाही."

"मी विचारते."

पहिल्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. उंच खिडक्या, लांब टेबलं, कोपऱ्यात पाण्याचा नळ. तीन महिन्यांचा अक्षरांचा वर्ग, रोज संध्याकाळी दीड तास. अट एकच होती. पुढच्या शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत पंधरा नावं नोंदवली गेली पाहिजेत. नाहीतर ती खोली मोबाइल दुरुस्तीच्या वर्गाला जाणार, त्यांची यादी तयार होती. "माझ्या हातात असतं तर पाचांवरही सुरू केला असता," मॅडम म्हणाल्या, "पण वरून आकडा आलाय."

पेंटर घरी आले, समोरचा चहा निवून त्यावर साय धरली. शेवटी बायकोनेच विचारलं, "काय, कुठे पाटी उलटी लावून आलात की काय?"

त्यांनी सांगितलं.

"पंधरा विद्यार्थी? ते काय झाडाला लागतात?"

"विचारून बघायचं."

"कोण विचारणार? तुम्ही? समोरच्या दुकानात सुटे पैसे मागायचे तरी मला पुढे करता!"

तिचं खोटं नव्हतं. पण पेंटरच्या मनात त्या खोलीच्या खिडक्या उघडल्या होत्या. लेकीला त्यांनी लहानपणी ब्रश धरायला शिकवून पाहिलं होतं. पोर हुशार, मन लावून बसायची, पण हात नव्हता तिला, आणि हात नसला तर रागावून येत नाही. ती आता मालवाहतुकीच्या एका कचेरीत बुकिंग बघायची. पेंटरनी पुढे कुणाला विचारलं नाही. त्यांना पंधरा नको होते. एकाचा हात वळला असता तरी पुरे होतं, पण त्या एकासाठी पंधरा लागणार होते.

"मेल पाठवू," लेक म्हणाली. "पत्ते आहेत का कुणाचे?"

पत्ते होते. पेंटर प्रत्येक पाटी रंगवण्याआधी तिचा छोटा नमुना वहीत काढून ठेवत. नाव, धंदा, फोन, आणि गेल्या पंधरा वर्षांत पाटीच्या तळाशी येऊ लागलेला मेलचा पत्ता. अशा अकरा वह्या कपाटात होत्या. लेकीने दोन दिवस बसून ते पत्ते कॉम्प्युटरवर घातले. सहाशे चाळीस भरले.

"बाबा, यातली निम्मी दुकानं बंद झालीत. हा घड्याळवाला तर वारला ना? वगळते."

"वगळू नकोस."

"बाबा, पण..."

"मुलगा असेल, पुतण्या असेल. दुकान मिटलं म्हणून माणसं मिटतात का? माझ्या वहीतलं नाव मी आजवर खोडलेलं नाही."

मजकूरही तिला पटकन टाइप करून टाकायचा होता. पेंटर म्हणाले, अक्षरांच्या वर्गाचं आमंत्रण, आणि ते टाइप केलेलं? वा रे वा! न्हाव्याने दाढी वाढवून दुकानात बसावं तसं दिसेल. त्यांनी जाड कागद घेतला, दोन रेघा आखल्या आणि चार दिवस त्या एका पत्रावर घालवले. पहिला कागद फाडला, दुसऱ्यावर 'वर्ग' शब्दाभोवतीची जागा मनासारखी बसेना म्हणून तोही फाडला. तिसरा जमला. पत्र साधं होतं. मी अमुक, तुमची पाटी मी रंगवली होती. आता ही कला शिकवायची आहे. तुमच्या घरातल्या, दुकानातल्या कुणाला किंवा तुम्हाला स्वतःला शिकावंसं वाटलं तर शनिवारपर्यंत कळवा. खाली, उजव्या कोपऱ्यात, मुंगी.

बायकोने ते दोन्ही हातांनी धरून वाचलं. "इतक्या वर्षांत मला एक चिठ्ठी नाही लिहिलीत अशी."

"तू पंधरा जणांत नाव दे, तुलाही लिहितो."

रविवारी दुपारी लेकीने पत्राचा फोटो काढला, पेंटरच्या नावाने मेलचा नवा पत्ता उघडला आणि तो फोटो सहाशे चाळीस जणांना पाठवला. मेलमध्ये टाइप केलेला एक शब्दही नव्हता. नुसतं पत्र होतं. पेंटर तिच्या खुर्चीमागे उभे होते.

"सगळ्यांना गेलं?"

"गेलं."

"इतक्यात?" त्यांना ते जरा अन्यायाचं वाटलं. पोस्टमनसुद्धा दोन दिवस तरी चालला असता.

सोमवारी सकाळपासून मेल परत येऊ लागले. 'हा पत्ता अस्तित्वात नाही.' एकाखाली एक, दोनशे बारा. लेक ते पुसायला निघाली तर पेंटर म्हणाले थांब, आणि चष्मा लावून एकेक वाचत बसले. या शिंप्याला पिवळ्यावर तपकिरी हवं होतं. या खानावळीच्या पाटीवर शिडी घसरून उजवं कोपर सोललं होतं. ही सुतळीची वखार, हिचा मालक रंग वाळेपर्यंत खाली खुर्ची टाकून बसला होता, पावसाचा काय भरवसा म्हणून. सगळे पत्ते अस्तित्वात नाहीत.

"पण उरलेल्या सव्वाचारशेंना पोचलं ना?"

"हो बाबा, त्यांचं काही परत आलं नाही."

आलं नाही ते खरंच. परत आलं नाही आणि उत्तरही आलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. तंत्रशाळेच्या वहीत तीन नावं होती: शेजारची निवृत्त नर्स, तिची नात, आणि मॅडमच्या कचेरीतला एक कारकून. त्याने बहुधा मॅडमच्या भिडेखातर नाव दिलं होतं.

सव्वाचारशे लोकांनी पत्र बघितलं आणि बाजूला सारलं. पेंटरनी याचा अर्थ असाच लावला, दुसरा लावायला त्यांच्याकडे काही नव्हतं. बाजारातून जाताना ते पाट्यांकडे बघेनासे झाले. ज्या थोड्या त्यांच्या हातच्या उरल्या होत्या त्यांच्याकडे तर मुळीच नाही. दाताचे डॉक्टर दारात उभे असलेले दिसले तसा त्यांनी रस्ता ओलांडला. या डॉक्टरांची पाटी त्यांनी तीनदा रंगवली होती. शेवटच्या वेळी मशीनची पाटी सांगायला आलेल्या माणसाला डॉक्टरांनी परत पाठवलं होतं. तेही गप्प बसले, म्हणजे हद्द झाली.

गुरुवारी डॉक्टरांनीच त्यांना रस्त्यात गाठलं.

"काय पेंटर, दात दुखतोय म्हणून तोंड लपवताय का? उपटणार नाही, या."

"नाही, कामात होतो."

"कसल्या? नर्सबाई सांगत होत्या, वर्ग काढताय म्हणे! आणि आम्हाला पत्ता नाही. माझी धाकटी सारखी वह्यांवर नावं रंगवत असते. एका शब्दाने कळवायचं तरी."

पेंटरना वाटलं हा माणूस थट्टा करतोय. ते म्हणाले, "कळवलं होतं. रविवारी."

डॉक्टरांनी फोन काढला. खालून वर, वरून खाली बघितलं. मग त्यांचं बोट एका फोल्डरवर थांबलं. "अरेच्चा!"

टक्कल घालवणाऱ्या तेलाच्या आणि बक्षिसाची मोटार न्यायला बोलावणाऱ्या दोन मेलांच्या मधे पेंटरचं पत्र पडलं होतं. त्यावर लाल पट्टी होती: 'सावधान. हा मेल धोकादायक असू शकतो.' आणि पत्र दिसतही नव्हतं. डॉक्टरांच्या फोनने त्या चित्रावर पडदा टाकून ठेवला होता. जिथे चार दिवसांची मेहनत होती तिथे राखाडी चौकोन होता.

"बघा, काढला बाहेर," डॉक्टर म्हणाले. "स्पॅममध्ये गेला होता. होतं असं. मी उद्याच पोरीचं नाव घालतो."

पेंटर घरी आले ते वाऱ्यासारखे. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटत होतं. लोकांनी नाही म्हटलेलंच नव्हतं! कुणी विचारलेलंच नव्हतं त्यांना! म्हणजे आता नीट विचारलं की झालं. लेक कचेरीतून येईपर्यंत ते दारातच फेऱ्या घालत राहिले.

लेक ऐकून खुर्चीत बसली. दुसऱ्या दिवशी तिने कचेरीतल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं आणि दुपारी अर्धी रजा टाकून घरी आली. तिचा चेहरा बघूनच बायको म्हणाली, "आधी पाणी पी."

"बाबा, मेल माणसाकडे जायच्या आधी एक मशीन तो वाचतं. खरा आहे का खोटा, ते ठरवतं."

"वाचू दे की. माझं अक्षर वाचता येत नाही असं कुणी म्हणालं नाही आजवर."

"त्याला फोटोतलं अक्षर धड वाचता येत नाही. त्याला टाइप केलेलं लागतं. फसवणारे लोक मुद्दाम चित्रात मजकूर घालतात, मशीनला कळू नये म्हणून. म्हणून नुसतं चित्र दिसलं की ते बिचकतं."

पेंटरनी चष्मा काढून पुसला.

"आणि पत्ता नवा. कालपरवा जन्मलेल्या पत्त्यावरून एकदम सहाशे चाळीस मेल. ओळख ना पाळख. त्यातले दोनशे बारा बंद पत्त्यांवर. बंद पत्त्यांवर कोण पाठवतं? ज्याने याद्या चोरल्यात किंवा विकत घेतल्यात तो. आपल्याला ओळखणारा माणूस असं करणार नाही, असा त्या मशीनचा हिशेब."

"पण मी ओळखतो म्हणूनच तर..." पेंटर थांबले. "घड्याळवाला मला माहीत होता. तो नाही हेही माहीत होतं."

"हो ना."

"मग?"

"मशीनला ते कुठे माहीत आहे, बाबा? आणि ज्यांना मेल दिसला त्यांच्यातल्या कुणीतरी, कोण हा आगंतुक म्हणून, स्पॅमचं बटण दाबलं असणार. चारपाच जणांनी दाबलं तरी पुरतं. मग सगळ्यांकडेच आपला पत्ता वाईट ठरतो."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," बायको म्हणाली. "आणि संन्याशाची चूक काय, तर अक्षर चांगलं!"

पेंटरना राग आला नव्हता. ते विचार करत होते. कधी पाटीवर चूक व्हायची. फोनचा एक आकडा चुकायचा, मालक दारात येऊन आरडाओरडा करायचा. मग टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं घेऊन जायचं, शिडी लावायची, चुकलेलं पुसायचं, तिथेच दुसरं काढायचं. मालक वर बघत उभा असे, आणि शेवटी चहा मागवत असे.

"कुणाला भेटावं लागेल?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"हे ज्यांनी ठरवलं त्यांना. मी जाऊन सांगतो. वह्या घेऊन जातो, अकराच्या अकरा. नमुने दाखवतो. बघतील, तर कळेल त्यांना."

"कुणी नाही बाबा तिथे."

"दुपारी नसतील. सकाळी?"

लेकीने फोन पुढे केला. एक अर्ज होता, तो तिने आधीच भरला होता. त्याचं उत्तरही तत्काळ आलं होतं: आपली विनंती मिळाली, पाहणीला चौदा दिवस लागू शकतात. उत्तराखाली लिहिलं होतं, या पत्त्यावर प्रत्युत्तर पाठवू नये.

तरी शुक्रवारची ती दुपार आणि संध्याकाळ त्यांनी वाया घालवली नाही. लेकीने पत्र शब्द न् शब्द टाइप केलं आणि आधी आईला पाठवून पाहिलं. स्पॅममध्ये. फोटो काढून टाकला. स्पॅममध्ये. मग त्याच पत्त्यावरून नुसतं 'आई, मी' एवढं लिहून पाठवलं. बायको फोन डोळ्यांजवळ नेऊन शोधत राहिली. 'आई, मी' तेलाच्या जाहिरातीशेजारी सापडलं.

"अगं बाई," ती म्हणाली.

मग लेकीने स्वतःच्या पत्त्यावरून एकेकाला लिहायला सुरुवात केली. चाळीस मेल झाले. दोन उत्तरं आली. एक गावाला गेलेला होता, दुसऱ्याने दुकान विकून वर्ष झालं होतं. पलीकडच्या खोलीत पेंटर वह्या उघडून पाट्यांवरचे फोन नंबर लावत होते. जन्मात केलं नाही ते करत होते. आधी नंबर लावून उभे राहायचे, घसा साफ करायचे.

"नमस्कार. मी पेंटर बोलतोय. तुमची पाटी..."

"काही रंगवायचं नाही."

"तसं नाही, एक वर्ग..."

"नको, नको. हा नंबर कुणी दिला तुम्हाला?"

तुम्हीच दिला होता, हिरव्यावर पांढरा, सहा इंची आकडे, असं त्यांना सांगायचं होतं. फोन बंद झालेला असे. बारा जणांनी असं केलं, सोळा नंबर दुसऱ्याच कुणाचे निघाले, आणि चौघांनी मात्र अहो पेंटर, तुम्ही आहात होय, म्हणत आपुलकीने चौकशी केली. त्या चौघांतल्या दोघांनी नाव दिलं. पेंटरचा आवाज रात्रीच्या जेवणापर्यंत बसला.

शनिवारी ते चालत निघाले. उरलेल्या आपल्या पाट्या शोधत, दुकानादुकानांत. दुपारपर्यंत आणखी पाच नावं झाली. डॉक्टरांची मुलगी धरून अकरा. चार वाजता लेक त्यांना तंत्रशाळेच्या पायरीवर भेटली. हातात फोन, अजून कुणाकुणाला लिहिणं चालूच होतं. पाच वाजता मॅडमनी वही उघडली, नावं मोजली, पुन्हा मोजली, जणू मोजण्याने वाढतील.

"चार कमी आहेत, पेंटरकाका."

"सोमवारपर्यंत आणतो. लोकांना कळलंच नाही हो. कळलं त्यातल्या कितीतरी जणांनी हो म्हटलंय."

"मी विचारलं होतं वर. नावं कमी पडतील असं मला वाटलंच होतं. पण यादी पाचला बंद होते, तीसुद्धा कॉम्प्युटरवर. मला आता तिच्यात काही करता येत नाही." मॅडमनी वही मिटली नाही, तशीच उघडी ठेवली. "पुढच्या वर्षी बघू हं."

"हं," पेंटर म्हणाले. वरच्या खोलीत कुणीतरी टेबलं सरकवत होतं.

पुढच्या पंधरवड्यात मेल येऊ लागले. रोज एखाददुसरा. लोक कधीतरी ते फोल्डर रिकामं करायला उघडत आणि त्यांना पत्र सापडे. चपलांच्या दुकानदाराने लिहिलं, पेंटर, तुमचं अक्षर लगेच ओळखलं, जागा आहे का अजून? एका बाईने दोन मुलांची नावं दिली होती. सुतळीच्या वखारीच्या मालकाचा पुतण्या निघाला, तो दुसऱ्या शहरातून यायला तयार होता. लेकीने मोजायचं नाही असं ठरवलं होतं. सातव्या मेलनंतर तिने ते ठरवणं सोडून दिलं.

शेवटचा मेल एका अनोळखी मुलीचा होता. ती त्या शाळेत शिकलेली, जिची पाटी मशीनची झाली त्याच. लिहिलं होतं: आईच्या जुन्या दुकानाचा मेल बंद करताना तुमचं पत्र मिळालं. लहानपणी शाळेच्या पाटीवरची अक्षरं मी बोटाने हवेत गिरवायची. मी त्यांच्यासारखं काढायचा प्रयत्न करते, पण मधली जागा जमत नाही. सोबत काढलेलं पाठवते आहे. वर्ग सुरू झाला का?

खाली फोटो होता. पेंटर चार पावलं मागे गेले, भिंतीला टेकले आणि बघत राहिले. बरंच चुकलं होतं. पण रेघ कुठेही घाबरलेली नव्हती.

"हात आहे," ते म्हणाले.

लेकीने फोटो मोठा केला.

"राहते कुठे ही? फोन दिलाय?"

"नाही. मेल तेवढा आहे."

"तर मग लिही. वर्ग झाला नाही म्हणावं. पण घरी ये. रोज संध्याकाळी ये, एकटी असलीस तरी. आपला पत्ता घाल. आणि टाइप कर, माझं अक्षर नको."

तिने टाइप केलं, त्यांना वाचून दाखवलं. पेंटरच्या पत्त्यावरून पाठवावं की आपल्या, यावर ती थोडा वेळ अडली. मुलीने पेंटरना लिहिलं होतं, अनोळखी नावाने आलेलं ती उघडेल की नाही कोण जाणे. शेवटी तिने दोन्हीकडून पाठवलं.

"गेलं?"

"गेलं."

"पोचलं का ते कसं कळायचं?"

"तिचं उत्तर आलं तर."

त्या संध्याकाळी पेंटरनी बाहेरच्या खोलीतलं टेबल खिडकीशी ओढलं, दोन कागद अंथरले, दोन ब्रश भिजत ठेवले. बायकोने पाहिलं आणि दुसरी खुर्ची आणून ठेवली. दुसऱ्या दिवशीही त्यांनी ब्रश भिजत ठेवले. तिसऱ्या दिवशी लेक कचेरीतून आली तेव्हा ते दाराकडे तोंड करून बसले होते. तिने चप्पल काढता काढता मान हलवली, नाही म्हणून, त्यांनी विचारायच्या आत.